सुट्टीचं घर, पण आधी खळं

संशोधनाची तयारी करताना ‘साधनं कुठून आणायची?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. साधन म्हणजे फक्त दप्तरातले कागद नव्हेत. इमारतही साधन असते. आज इंग्लंडमधलं ‘बार्न’ वाचून बघू.

तिकडे शेतावरच्या जुन्या बार्नचं घर करून ते सुट्टीसाठी भाड्याने देतात. आजी, आई-बाबा, मुलं असं सगळं कुटुंब तिथे आठवडाभर राहतं. अशा घरांत बरेचदा बैठकीच्या खोलीत जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत काच दिसते. वाटतं, उजेडासाठी केली असेल. पण बहुतेक वेळा तिथे पूर्वी दार होतं, भरलेली गाडी आत येईल एवढं मोठं. आणि त्याच्या बरोबर समोर दुसरं दार. दोन कशाला?

मधली जागा म्हणजे खळं! तिथे मळणी व्हायची, आणि दोन्ही दारं उघडली की आरपार येणाऱ्या वाऱ्यावर उफणणी. आपल्याकडे रब्बीचं पीक कडक उन्हाच्या तोंडावर निघतं, म्हणून खळं उघड्यावर चालतं. इंग्लंडात कापणी उन्हाळ्याच्या शेवटी, आणि पाठोपाठ ओला, थंड हिवाळा. म्हणून खळ्यावर छप्पर आलं. भिंतीतल्या अरुंद उभ्या फटी हवा खेळती राहावी म्हणून. वरचं छोटं भोक घुबडासाठी, कारण घुबड उंदीर खातं.

आता वय. माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे हा भाग माझ्या आवडीचा. तुळईतली वर्तुळं मोजून, त्यांच्या जाड-बारीक क्रमाची माहीत असलेल्या क्रमाशी तुलना करतात. सालीलगतचं शेवटचं वर्तुळ शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं. ओकचं लाकूड सहसा ओलं असतानाच तासून जोडत, त्यामुळे बांधकामही त्याच सुमाराचं धरता येतं. पण इथे थांबा. लाकूड आधीच्या इमारतीतून काढून पुन्हा वापरलेलं असू शकतं. वर्तुळं झाडाची तारीख देतात, इमारतीची नाही. दुसरी तारीख हा आपला निष्कर्ष असतो, आणि त्याला वेगळा आधार लागतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ हार्मंड्सवर्थचं सुमारे ५८ मीटर लांबीचं बार्न आहे. त्याचं घर झालेलं नाही. तिथे लेखी नोंदी आणि वर्तुळं दोन्ही १४२० च्या दशकाकडेच बोट दाखवतात. असे दोन स्वतंत्र पुरावे जुळले की दावा पक्का होतो.

मग खळं रिकामं का झालं? हिवाळाभर दांडक्याने झोडणी करणं हा शेतमजुरांचा थंडीतला मोठा रोजगार होता. मळणीयंत्र आलं आणि तो हातचा जायला लागला. १८३० च्या ऑगस्टमध्ये केंट परगण्यात मजुरांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली आणि बंड दक्षिण इंग्लंडभर पसरलं. १९ जणांना फाशी झाली, ४५० हून अधिक जणांना ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं. पुढे विसाव्या शतकात कापणी आणि मळणी एकाच यंत्रात शेतातच व्हायला लागली. मोठ्या यंत्रांना जुनी दारं पुरेनात. बार्न निरुपयोगी ठरलं, आणि पडण्यापेक्षा घर झालेलं बरं असा विचार आला. २०१४ पासून तर इंग्लंडमध्ये काही अटींवर शेतीच्या इमारतीचं घर करायला पूर्ण नियोजन परवानगीही लागत नाही.

रूपांतरामुळे सांगाडा वाचतो, हे खरंच. पण तुळया पॉलिश होऊन राहतात, आणि दांडका चालवणारे हात कुठेच दिसत नाहीत. म्हणून कोणतीही जुनी इमारत बघताना तीन प्रश्न वहीत लिहा: हे इथे का आहे? ते मुळातलं आहे की नंतरचं? आणि इथे राबणाऱ्यांची खूण कुठे आहे? तिसऱ्याचं उत्तर भिंतीत सापडलं नाही तर दप्तर उघडा: मजुरीचे हिशेब, खटल्यांचे कागद. संशोधनाचा विषय बरेचदा तिथेच सापडतो.