सातवाहनांना कोणी हरवले?

१/ पैठणचा, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानचा, इतिहास निघाला की हा प्रश्न हमखास येतो. देवगिरीच्या पाडावाला आणि पेशवाईच्या अस्ताला विजेता आहे, साल आहे. सातवाहनांच्या अखेरीला दोन्ही नाहीत. म्हणूनच तेथे ‘पतन’ हा शब्द अपुरा पडतो. नेमका शब्द आहे ‘डिसइंटिग्रेशन’, अर्थात विघटन.

२/ या इंग्रजी नामाच्या मुळाशी लॅटिन ‘इंटेगर’ आहे, अर्थ, अखंड. ‘डिस’ हा उपसर्ग वेगळे होणे दाखवतो. मराठीतील ‘विघटन’ ‘घट्’ या संस्कृत धातूपासून आले. ‘संघटन’ हे त्याचेच भावंड. नाशात काही उरत नाही, विघटनात घटक उरतात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले, पंधरा देश उरले. बहमनी राज्याचे झाले, पाच शाह्या उरल्या.

३/ सातवाहनांचा पराभव झालाच नाही, असे नव्हे. इ.स. १५० च्या जुनागढ शिलालेखात क्षत्रप रुद्रदामन सांगतो की, दक्षिणापथपती सातकर्णीला त्याने दोनदा जिंकले. परंतु जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. त्यानंतरही यज्ञश्री सातकर्णीसारखा समर्थ राजा झाला. त्याच्या काळचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. पराभव झाला, अंत झाला नाही.

४/ मग सांधे कोठे सैल झाले? हे राज्य महारठी, महाभोज, महासेनापती अशा सत्ताधाऱ्यांच्या आधारावर उभे होते. जुन्या बेल्लारी जिल्ह्यातील म्याकदोनीचा लेख अखेरच्या काळातील पुळुमावी राजाचा. त्यात ‘सातवाहनीहार’ हा प्रदेश महासेनापती खंदनाकाचा असल्याचे म्हटले आहे. राजाचे नाव आरंभी येते खरे, पण प्रदेश सेनापतीच्या नावावर आहे.

५/ तिसऱ्या शतकात हे घटक स्वतंत्र दिसू लागतात. नाशकात आभीर राजा माढरीपुत्र ईश्वरसेन. कृष्णेकाठी विजयपुरीत इक्ष्वाकू वासिष्ठीपुत्र चांतमूल. बनवासीकडे चुटू कुळातील हारितीपुत्र सातकर्णी. नावे नीट वाचावीत. आईच्या गोत्रावरून नाव लावण्याची ही रीत गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र या सातवाहन राजांचीच. चुटूंनी तर ‘सातकर्णी’ हे नावही ठेवले. तुकड्यांवर अखंडाची खूण राहिली.

६/ पुराणकारांनाही हे उमगले होते. आंध्रांचे, म्हणजे सातवाहनांचे, राज्य संपल्यावर त्यांच्याच भृत्यांच्या वंशांतले राजे होतील, असे पुराणे सांगतात. आभीरांची गणना तेथेच होते. बाहेरून आलेल्या एका विजेत्याऐवजी तेथे घरातल्या अनेक वारसांची यादी आहे.

७/ शब्दाच्या निवडीने प्रश्नच बदलतो. ‘पतन’ म्हटले की शोध शत्रूचा सुरू होतो. ‘विघटन’ म्हटले की विचारावे लागते: हे राज्य जोडले कशाने होते, आणि ती जोड कोणाच्या हाती होती? टॉलेमीने ज्याला ‘बैठन’ म्हटले, श्री पुळुमावीची राजधानी म्हणून ज्याची नोंद केली, ते नगर राजवंशासोबत संपले नाही. राजधानीपण गेले, पैठण गोदाकाठी नांदतच राहिले. पतनाच्या कथेत पैठणचा हा पुढचा इतिहास हरवतो. विघटनाच्या कथेत त्याला जागा मिळते.