भीमपूरचा रचलेला पाऊस
1901 साली पैनगंगेच्या अलीकडच्या आमच्या भीमपुरावर निजामाचं राज्य होतं. तेव्हाच्या पावसाचे आकडे आज संगणकावर मिळतात, तेही रोजचे! पुण्याच्या हवामान खात्यात डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी ते रचले, 2014 मध्ये प्रसिद्ध केले. देशभरातल्या 6955 पर्जन्यमापकांच्या नोंदी घेतल्या. मापक नाही तिथं आजूबाजूच्या ठाण्यांवरून, जवळच्याला जास्त वजन देत, आकडा काढला. त्यासाठी नकाशा चौकोनांत विभागला; एकेक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण 27 किलोमीटरचा. आमच्याकडे एका धुऱ्यावर सर येते, पलीकडची पऱ्हाटी कोरडीच. चौकोनाला हे कुठून कळणार? तरी दुष्काळाचा शतकभराचा हिशेब संशोधक या आकड्यांवर मांडतात. मला खटकतं ते एवढंच, की ठाण्यांची संख्या दरवर्षी बदलत गेली, पण चौकोन मात्र सगळे सारखेच भरलेले दिसतात.