गेला म्हणजे कुठे गेला?

मराठी बातमीत माणूस मरतो, घरात मात्र तो ‘जातो’. काल रात्री काका गेले, असं फोनवर कळलं तर ‘कुठे?’ असं कुणी विचारत नाही. अनुवाद करताना हे साधं क्रियापद मला दर वेळी अडवतं. मेलेला परत येत नाही. गेलेला येऊ शकतो. शब्दात राहिलेली ही फट आपण सारे जण दुःखाच्या वेळी सोयीने विसरतो. रोजच्या मालिकांनी मात्र ती बरोबर हेरली आणि गेली पंचवीस-तीस वर्षं त्या फटीतून माणसं आत-बाहेर करत आहेत.

भिलाईत दुपार जरा वेगळी असते. पोलाद कारखान्याच्या पाळ्या सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाला बदलतात. त्यामुळे भर दुपारी घरात पुरुष असतात: कुणी रात्रपाळी करून झोपलेला, कुणी पहिल्या पाळीतून नुकताच आलेला. १९९४ मध्ये दूरदर्शनने दुपारच्या वेळेत ‘शांती’ आणली, पुढच्या वर्षी ‘स्वाभिमान’. तेव्हा ‘बायकांच्या मालिका’ हे त्यांचं बारशातलं नाव निदान इथल्या सेक्टरांतल्या क्वार्टरांमध्ये तरी खरं नव्हतं. या मुलखाला टीव्हीही तसा नवखा नव्हता. १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात रायपूरभोवतालच्या गावांत सामुदायिक संच बसले होते, म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांच्या आधी. पण तो टीव्ही शेती, आरोग्य आणि शाळा शिकवणारा होता. रहस्य शिकवलं ‘शांती’ने. एक तरुण पत्रकार दोन बड्या माणसांचं चरित्र लिहिण्याच्या निमित्ताने त्यांच्या हवेलीत शिरते, आणि खरं तर ती आपल्या आईवर बलात्कार करणारा या दोघांपैकी कोण ते शोधायला आलेली असते. गुन्हा जुना, गुन्हेगार घरातच, आणि प्रश्न एकच: कोण? रहस्यकथेच्या जुन्या व्याकरणात हे चपखल बसतं. भाग चुकला तर तो कुंपणावरून मल्याळी शेजारणीकडून बंगाली शेजारणीकडे कारखान्याच्या हिंदीत सांगितला जाई. माझ्या पुढच्या व्यवसायाचा तो पहिला वर्ग म्हणता येईल.

मग ३ जुलै २००० ला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि प्रश्नच बदलला. काही महिन्यांत मिहिर विरानी अपघातात गेला. प्रेक्षकांनी इतका गहजब केला की निर्मात्यांना त्याला परत आणावं लागलं. तो परतला स्मृती हरवून, आणि त्याची शुश्रूषा करून त्याच्या प्रेमात पडणारी डॉक्टर झाली होती मंदिरा बेदी, म्हणजे ‘शांती’तली शांतीच. सहा वर्षांपूर्वी ‘कोण?’ विचारणारी बाई आता ‘हा खरंच मेलाय का?’ या प्रश्नाची परिचारिका झाली. यापेक्षा नेमकं रूपक मला तरी रचता आलं नसतं.

अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांमध्ये हे सगळं आधीच होऊन गेलं होतं, पण एका फरकाने. ‘द एज ऑफ नाइट’ ही मालिका २ एप्रिल १९५६ ला सुरू झाली ती मुळात पेरी मेसनची दुपारची आवृत्ती म्हणून कल्पिलेली. खून, वकील, खटला हाच तिचा रोजचा स्वयंपाक, आणि तो तिने १९८४ पर्यंत केला. १९६१ मध्ये तिच्या नायकाची बायको, सारा कार, मुलीला गाडीखाली येण्यापासून वाचवताना मेली. फोन आणि पत्रांचा एवढा पूर आला की ते काम करणाऱ्या टील एम्सला पडद्यावर येऊन सांगावं लागलं: मी जिवंत आहे, मी फक्त मालिका सोडली. नटी जिवंत असल्याची ग्वाही दिली, पण सारा मेलेलीच राहिली. आपल्याकडे उलट झालं. आपण पात्रच जिवंत करून मागितलं. आणि मिळालं! पुढे अमेरिकेचाही धीर सुटला. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये २००३-०४ मध्ये एका खुनी व्यक्तीने गावातली जुनीजाणती माणसं एकामागोमाग मारली, आणि नंतर ती सगळी एका बेटावर सुखरूप सापडली. त्या बेटाला हुबेहूब त्यांच्याच गावासारखं वसवलं होतं.

हसू येतं, पण हसण्याआधी नारो सदाशिव रिसबूड आठवावेत. १८६८ साली ‘मंजुघोषा’ ही अद्भुतांनी खच्चून भरलेली कादंबरी लिहिताना त्यांनी प्रस्तावनेत आपली बाजू मांडली होती. आपल्या लोकांच्या लग्नाच्या चाली आणि इतर कारणं अशी की आपल्या आयुष्यात मन ओढून घेतील असे दुर्गुणही नाहीत आणि सद्गुणही नाहीत. रोजचं तेच लिहिलं तर कोण वाचणार, म्हणून रंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताची कास धरणं भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद. एम.ए.च्या वर्गात आम्ही हे वास्तववाद न उमगलेल्या काळाचं उदाहरण म्हणून वाचलं. आज वाटतं, रिसबुडांनी दीडशे वर्षं आधी वाहिन्यांच्या लेखकांची अडचण सांगून ठेवली. घर हाच विषय, घराबाहेर जायचं नाही, आणि आठवड्याला पाच-सहा भाग भरायचे. मग सासू-सुनेच्या जेवणाच्या टेबलाखालून अद्भुत वर येणारच. प्लास्टिक सर्जरी करून दुसऱ्याच चेहऱ्याने परतणारा नायक ही ‘चंद्रकांता’तली ऐयारी, फक्त दवाखान्यात केलेली. २०१६ मध्ये ‘ससुराल सिमर का’ची नायिका चक्क माशी झाली. रिसबुडांना यात वावगं काही वाटलं नसतं.

पोलिसांच्या मालिका या वाटेने गेल्या नाहीत. बी. पी. सिंग यांची मुंबई दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ असो की त्यांचीच नंतरची ‘सीआयडी’, तिथे प्रेत हे प्रेतच असायचं. त्यांचा इतिहास वेगळा आहे, तो इथे नको.

मराठीत अद्भुताचं सर्वांत सुघड काम ‘रात्रीस खेळ चाले’ने केलं. सावंतवाडीजवळ आकेरीतला वाडा, नाईकांचं कुटुंब, मालवणीचा खरा वास. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच गेलेले. त्यांच्या मरणासाठी जमलेल्या घरातूनच गोष्ट सुटते. अंधश्रद्धेवरून आणि कोकणाच्या चित्रणावरून विरोधही झाला. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात मालिका मागे गेली आणि अण्णा हयात झाले: रगेल, निर्दय, आणि शेवंतासह लोकांना भलतेच आवडलेले. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात ते भूत म्हणून परत आले. एकच माणूस आधी मेलेला, मग जिवंत, मग मेलेला असून हजर. व्याकरणाचे तिन्ही काळ एका धोतरात! मला ही मालिका मनापासून आवडली, कारण मेलेल्याला परत आणण्यासाठी तिने स्मृतिभ्रंश वापरला नाही. काळ उलटा फिरवला आणि नंतर सरळ भुताटकी केली. कोकणात भूत म्हणजे घरातलाच माणूस, त्यामुळे फसवल्यासारखं वाटलं नाही.

आमच्याकडे छत्तीसगडात गोष्टीतलं मरण दुसऱ्या रीतीने सांभाळतात. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, भिलाई कारखान्यातच नोकरी केलेल्या. त्यांचं दुःशासनवध ऐकायला बसलेल्या माणसाला शेवट जन्मापासून ठाऊक असतो. दुःशासन वाचेल का, हा प्रश्नच नसतो. लोक येतात ते मरण नीट सांगितलं जावं म्हणून: तंबुऱ्याची गदा कधी होते, भीम छाती कशी फोडतो, द्रौपदीचे केस कधी बांधले जातात. मरणाला तिथे वजन असतं, कारण ते मागे घेता येत नाही. मालिकांनी ते मागे घेण्याजोगं केलं आणि त्याबरोबर त्याचं वजनही गेलं, असं मला वाटतं. विरानींच्या घरात हे चालून जातं. वाईत चालत नाही.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या वाईजवळच्या धोम इथल्या, डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी पकडलं. एका अंगणवाडी सेविकेच्या बेपत्ता होण्याचा तपास करताना. २००३ पासूनच्या सहा खुनांचा आरोप त्याच्यावर आला, मेलेल्यांत बहुतेक बायका, आणि धोमच्या जमिनीतून सांगाडे निघाले. यातल्या काही जणी वर्षानुवर्षं दफ्तरी बेपत्ता होत्या. म्हणजे त्यांच्या घरांत ‘ती गेली’ हे वाक्य वर्षानुवर्षं अर्थाशिवाय उभं होतं. कुठे गेली, हा प्रश्न तिथे विचारता येत होता, रोज विचारला जात असणार. ती येईल म्हणून वाट पाहणं हे त्या घरांत मालिकेचं तंत्र नव्हतं.

२०२० मध्ये झी मराठीवर ‘देवमाणूस’ आली आणि वाईच्या प्रकरणावर बेतलेली म्हणूनच ती ओळखली गेली. किरण गायकवाडने तोतया डॉक्टर अप्रतिम केला. इथल्या मराठी घरांतही रात्री साडेदहाला दुसरं काही लागत नव्हतं. खुनी कोण हे पहिल्यापासून माहीत, म्हणजे पंडवानीसारखंच, आणि म्हणून सुरुवातीचे महिने मी आशेने पाहिले. वाटलं, इथे मरण नीट सांगतील. पण भाग वाढत गेले तशी प्रत्येक बाई पुढच्या आठवड्याच्या उत्सुकतेची सोय झाली. खड्डा खणला की जाहिरात. सरू आजीच्या म्हणींवर घर हसायचं, आणि तेवढ्यात आणखी एक जण जायची. माझ्या ओडिया शेजारणीला मी कथानक सांगत असे. तिने एकदा विचारलं, यातल्या कुणाच्या आईबद्दल काही दाखवलं का? मी थोडा वेळ आठवून पाहिलं आणि विषय बदलला.

पहिलं पर्व संपताना वाटलं होतं, गेला एकदाचा. २०२१ च्या अखेरीस दुसरं पर्व आलं आणि तो नव्या नावाने त्याच गावात परतला. त्याने पुरलेल्या बायकांपैकी कुणी जिवंत होऊन परतली नाही. २०२५ मध्ये तिसरी मालिका आली, तिचं नाव ‘मधला अध्याय’.