आदल्या रात्रीचा नाश्ता

सहा स्लाइस ब्रेड, एक पौंड सॉसेज, एक कप किसलेलं चीज, सहा अंडी, दोन कप दूध, चमचाभर मोहरीची पूड आणि मीठ. सॉसेज परतून घ्यायचं, ब्रेड पसरायचा, वर सॉसेज आणि चीज घालायचं, अंडी-दूध फेटून सगळ्यावर ओतायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं. सकाळी साडेतीनशे फॅरनहाइटला पाऊण तास भाजलं की झालं. अमेरिकेत ब्रेकफस्ट कॅसरोल म्हणतात ते हेच. कोणी त्यालाच स्ट्राटा म्हणतं. पोळ्या गरम ठेवायच्या आपल्या डब्याशी त्याचा संबंध नाही. नाताळच्या सकाळी इथल्या घराघरांत ओव्हनमध्ये हेच फुगत असतं.

मी मूळचा तळेगाव दाभाड्याचा. आयुष्य काचेच्या धंद्यात गेलं आणि निवृत्तीनंतर न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगलाच राहिलो. त्यामुळे या पदार्थात माझी नजर आधी भांड्यावर जाते. माझं म्हणणं असं, की हा पदार्थ चवीच्या शोधात जन्मलेला नाही, तो सोयीतून जन्मला. सकाळचं काम आदल्या रात्री उरकता यावं, एवढीच ती सोय. पण ती जुळून यायला काच, वीज, बेकऱ्या आणि चर्चच्या बायका अशा सगळ्यांचा हात लागला.

मुळात नाताळची सकाळ हीच फार जुनी नाही. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन मंडळींना हा सण धर्माबाहेरचा वाटे. १६५९ मध्ये त्यांनी कायदाच केला, की नाताळ साजरा करताना कोणी सापडला तर पाच शिलिंग दंड. १६८१ मध्ये कायदा गेला, अढी मात्र पुढे कितीतरी वर्षं राहिली. न्यूयॉर्कसारख्या शहरात उलटा प्रकार होता. तिथे नाताळ म्हणजे दारू पिऊन रस्त्यावर धिंगाणा. १८२३ मध्ये ट्रॉय गावच्या एका वृत्तपत्रात संत निकोलस रात्री येऊन मुलांचे मोजे भरून जातो अशी एक कविता निनावी छापून आली आणि घरोघर पाठ झाली. पुढच्या काही दशकांत सण रस्त्यावरून घरात आला, मोठ्यांच्या हातून मुलांच्या हाती गेला. १८७० मध्ये संघराज्याने त्या दिवसाची सुट्टी मान्य केली.

सण मुलांचा झाला की पहाटेचा होतो. उजाडायच्या आत पोरं झाडाखाली, कागद फाडण्याचा आवाज, सगळं घर एका खोलीत. आणि बाई स्वयंपाकघरात! लोखंडी चुलीची राख काढायची, लाकूड नाहीतर कोळसा पेटवायचा, भट्टीत हात घालून तापली की नाही ते बघायचं. त्या काळच्या पाकपुस्तकांत अंशांचा पत्ता नसे. ‘मंद भट्टी’, ‘मध्यम भट्टी’ एवढंच. ठरावीक उष्णता धरून ठेवणारे खटके गॅसच्या ओव्हनला लागले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात. ‘पाऊण तास, साडेतीनशे’ असं बिनधास्त लिहिता येऊ लागलं ते त्यानंतरच.

सॉसेज मात्र त्या लोखंडी चुलीहूनही जुनं. आमची सून पेनसिल्व्हेनियाची, जर्मन शेतकऱ्यांच्या वंशातली. तिच्याकडे थंडी पडली की डुकरं कापायची पद्धत होती. फ्रिज नसताना मांस टिकायला हवेतला गारठा लागे, म्हणून हे काम नोव्हेंबर-डिसेंबरमधलं. हॅम खारवायला जाई, बारीकसारीक तुकड्यांत सेज आणि मिरी घालून सॉसेज होई. ते ताजंताजं हाताशी असे नेमकं नाताळच्या सुमारास. सणाच्या न्याहारीत सॉसेज आलं ते असं, ऋतुमानाने.

भरपेट न्याहारीचा आग्रह मात्र शहरातून आला, आणि तोही जाहिरातवाल्याकडून. १९२० च्या दशकात लोक कॉफी आणि टोस्टवर भागवू लागले होते. बीच-नट कंपनीला बेकन खपवायचं होतं. तिचं काम एडवर्ड बर्नेज पाहत होता. त्याने एका डॉक्टरकडून हजारो डॉक्टरांना पत्रं धाडली: न्याहारी हलकी बरी की जड? बहुतेकांनी जड म्हटलं. मग तेच वर्तमानपत्रांतून छापून आलं आणि अंडी-बेकनला वैद्यकाचा शिक्का बसला.

आता भांडं. लहानपणी वीज गेली की आमच्याकडे कंदील लागे, आणि ‘तापलेल्या काचेवर पाणी उडवू नका’ हा आजीचा धाक असे. एक थेंब पडला तरी काच तडकायची. अमेरिकन रेल्वेचं दुखणं हेच होतं. सिग्नलच्या कंदिलाची काच आतून ज्योतीने तापलेली, बाहेरून बर्फ आणि पाऊस. ती फुटली तर गाडीला इशारा कोण देणार? उष्णतेने काच फुगते आणि गारव्याने आकसते. एक बाजू फुगलेली असताना दुसरी आकसली की ती ताण सोसत नाही. काचेत बोरॉनचं ऑक्साइड मिसळलं की हे फुगणं-आकसणं साध्या काचेच्या जवळपास एक तृतीयांशावर येतं. जर्मनीत येना इथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशी काच केली होती. कॉर्निंग ग्लास वर्क्सने त्याच वाटेने कंदिलांसाठी आणि बॅटऱ्यांच्या बरण्यांसाठी काच काढली. ती इतकी टिकाऊ निघाली, की बदलायला नव्या काचा लागेनात. कारखान्याला गिऱ्हाईक शोधणं भाग पडलं.

गिऱ्हाईक घरातच होतं. जेसी लिटलटन हे कारखान्यातले भौतिकशास्त्रज्ञ. १९१३ मध्ये त्यांची पत्नी बेसी यांचं भाजायचं मातीचं भांडं तडकलं. लिटलटननी बॅटरीच्या बरण्यांचे बूड कापून घरी आणले आणि बेसीबाईंनी त्यात स्पंज केक भाजला. केक चहूबाजूंनी सारखा भाजला गेला, काचेला चिकटला नाही, आणि मुख्य म्हणजे ओव्हनमध्ये असतानाच कडा तांबूस होताना दिसत होती. कंदिलांच्या काचेत शिसं होतं, ते काढून नवं मिश्रण बनवलं गेलं आणि १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आलं.

पण शास्त्रज्ञांनी घडवलेलं भांडं स्वयंपाकघरात बसेलच असं नाही. लुसी माल्टबी गृहविज्ञान शिकवत. त्यांनी कंपनीला स्पष्ट कळवलं, की तुमच्या भांड्यांची मापं आणि कान बाईच्या कामाचे नाहीत. १९२९ मध्ये कंपनीने त्यांनाच नोकरीवर घेतलं. त्यांच्या देखरेखीखाली प्रत्येक भांडं आधी स्वयंपाकघरात तपासलं जाऊ लागलं: घरच्या ओव्हनमध्ये मावतं का, जाड हातमोजे घालून धरता येतं का. आज अमेरिकेतल्या बहुतेक कॅसरोलच्या कृतींत नऊ बाय तेरा इंचांचं भांडं गृहीत धरलेलं असतं. ते माप घरोघर एकच झालं म्हणून कृती एका घरातून दुसऱ्या घरात न बिघडता गेली.

भांड्याच्या जोडीला ब्रेड आला. ओटो रोवेडर नावाच्या गृहस्थाच्या यंत्रावर कापलेला ब्रेड ७ जुलै १९२८ ला मिझुरीतल्या चिलिकॉथी गावात पहिल्यांदा विकला गेला. दोन वर्षांत वंडर ब्रेडने तो देशभर नेला. सगळे स्लाइस एका जाडीचे, म्हणून ‘सहा स्लाइस’ हे माप झालं. कापलेला ब्रेड लवकर सुकतो, म्हणजे शिळे स्लाइस घरात पडू लागले, आणि अंड्या-दुधाला नेमका शिळाच लागतो. त्याच सुमाराला विजेचे फ्रिज निघाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्य घरांतही पोचले. कच्चं अंडं आणि दूध रात्रभर निर्धास्त ठेवता येईना तोवर या पदार्थाला काही अर्थच नव्हता.

कृती पसरवली ती बायकांनी. यादवी युद्धात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी १८६४ मध्ये फिलाडेल्फियात एक पाकपुस्तक निघालं, तेव्हापासून इथे चर्चचं छप्पर असो की गावचं ग्रंथालय, वर्गणीऐवजी बायका पुस्तक काढतात. सुनेच्या आजीचं पुस्तक असंच आहे, तारेच्या बांधणीचं, पानांना लोण्याचे डाग. प्रत्येक कृतीखाली बाईचं नाव आहे, पण ते ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याची आद्याक्षरं. तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही. लिटलटन, शॉट, रोवेडर यांची पेटंटं आणि चरित्रं आहेत. या बायकांकडे मात्र नवऱ्याच्या आद्याक्षरांपलीकडे काही नाही.

मोहरीची पूड कशाला, असं मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, “बाबा, चव लागायला नको, पण नसली तर कळायला हवं.” चोवीस तारखेच्या रात्री भिजवण्याचं काम माझ्याकडे असतं. दूध ओतलं की ब्रेड तरंगायला लागतो. पळीच्या पाठीने हलकेच दाबायचा, बुडबुडे येतात, पुन्हा दाबायचा. ताजा ब्रेड इथेच लगदा होतो. शिळा स्लाइस दूध पिऊनही आकार धरून राहतो. सकाळी भांडं थेट तापल्या ओव्हनमध्ये घालायचं नाही. इथे हल्ली विकलं जाणारं पायरेक्स बोरॉनचं नसतं, साधी सोडा-लाइम काच टेम्पर केलेली असते. धक्का लागला तर ती चांगली सोसते, पण गारव्यातून एकदम आगीत गेली की तिचा भरवसा नाही. अर्धा तास ओट्यावर राहू द्यायचं. बायकोकडे निळ्या फुलांचं पांढरं कॉर्निंगवेअर आहे, त्याची गोष्ट वेगळी. कॉर्निंगचेच शास्त्रज्ञ डोनाल्ड स्टुकी यांची भट्टी सहाशे अंश सेल्सिअसऐवजी नऊशेवर गेली, काच वितळून वाया गेली असेल असं वाटलं, तर आत पांढरीफेक पाटी. चिमट्यातून निसटून ती जमिनीवर पडली आणि फुटण्याऐवजी खणकन वाजली. १९५८ मध्ये त्या जातीची भांडी दुकानांत आली. फ्रिजमधून थेट ओव्हनमध्ये.

आपल्याकडे हा हिशेब फराळाने कधीच सोडवला आहे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, लगेच फराळ. त्या वेळी चूल पेटवायची नसते, कारण चिवडा, चकल्या, करंज्या आठवडाभर आधी डब्यांत गेलेल्या असतात. आपण टिकणारे पदार्थ केले, इथे टिकवणारी यंत्रं आली. पण दोन्हीकडे एक गोष्ट तशीच राहिली. काम संपलं नाही, फक्त मागे सरकलं. दिवाळीआधीचा तो आठवडा आणि नाताळआधीची ती रात्र बहुतेक घरांत अजून बाईच्याच वाट्याला येते. कॅसरोल भाजताना कोणाला उभं राहावं लागत नाही, हे काचेचं आणि विजेचं श्रेय. आदल्या रात्री कोणी उभं राहायचं हे यंत्र सांगत नाही. ते घरात बसून ठरवावं लागतं, आणि आमच्याकडे सूनबाईंनी ते कोणालाही न विचारता ठरवून टाकलं. म्हणूनच पळी माझ्या हातात आहे.