अफगाणिस्तानातली अफूबंदी : शेतातून गेलेली अफू कुणाच्या घरावर आली?

तालिबानचे प्रमुख हैबतुल्लाह अखुंदजादा यांनी 3 एप्रिल 2022 रोजी फर्मान काढून अफगाणिस्तानात अफूच्या शेतीवर बंदी घातली. नशा हराम आहे, त्यात वाद नाही. पण या बंदीची किंमत कोणी मोजली, हे बघण्यासारखं आहे.

आकड्यांत बंदी जबरदस्त ठरली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीनुसार 2022 मध्ये 2 लाख 33 हजार हेक्टरवर अफू होती, 2023 मध्ये जेमतेम 10 हजार 800 हेक्टर उरली. शेतकऱ्यांची अफूची कमाई 136 कोटी डॉलरवरून 11 कोटींवर आली. मुल्ला उमर यांनी 2000 सालीही अशीच बंदी घातली होती. ती त्यांच्या सत्तेबरोबरच गेली.

हेलमंद, कंदहारकडे अफू म्हणजे नुसतं पीक नव्हे. वाळवलेली अफू वर्षानुवर्षं टिकते, म्हणजे ती घरातली ठेवच. पीक हाती येण्याआधीच व्यापारी त्यावर पैसे देतो. या व्यवहाराला तिकडे ‘सलाम’ म्हणतात. आपल्याकडे ऊसतोड कामगार उचल घेतो, तसंच काहीसं. घरखर्च, लग्न, आजारपण, सगळं त्यावर निघायचं. बंदी आली आणि भाव कडाडले. ज्या जमीनदाराच्या कोठीत जुना साठा होता त्याची चांदी झाली. वाट्याने कसणारा आणि चीक काढणारा मजूर मात्र मोकळ्या हातांनी राहिला. 2023 मध्ये गव्हाला हेक्टरी सुमारे 770 डॉलर मिळत होते, अफूला 10 हजार. मग गहू पेरा म्हणणं सोपं आहे!

मे 2024 मध्ये बदख्शानमध्ये पीक मोडायला आलेल्या पथकांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं दगावली. त्या वर्षी लागवड थोडी वाढून 12 हजार 800 हेक्टर झाली आणि तिचं केंद्र दक्षिणेकडून ईशान्येला सरकलं.

जगातली मागणी मात्र कुठल्या फर्मानाने थांबत नाही. 2023 मध्ये म्यानमार अफूच्या उत्पादनात जगात पहिला आला, अंदाजे 1,080 टन. तिथे 2021 च्या लष्करी उठावानंतर यादवी माजली आहे आणि डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याला दुसरं पीक परवडत नाही. शेजारच्या इराणमध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत फाशी सुरूच आहे. फासावर जाणाऱ्यांत बलुच लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त आहे.