शेतकऱ्यावरील उधळेपणाचा आरोप

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे आज शहरांत नोकरीधंद्यात स्थिरावली असली, तरी त्यांची पाळेमुळे काळ्या आईतच आहेत. या कुटुंबांतील मुलामुलींच्या कानी एक वाक्य वारंवार पडते : शेतकरी लग्नकार्यात पैसा उधळतो, म्हणून कर्जात बुडतो. हा आरोप आजकालचा नव्हे. त्यास दीडशे वर्षे होत आली. त्याची झडतीही त्याच काळी घेतली गेली होती. ती पुष्कळांस ठाऊक नाही, म्हणून येथे ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही शेतावर वाढलो. मोटेचा शेवटचा काळ आमच्या पिढीने पाहिला. पहाटे वडील बैल घेऊन विहिरीवर जात आणि दारे धरण्याचे काम आम्हां मुलांकडे असे. खळ्यावर रास पडली, की बलुतेदारांचा वाटा निघे, बियाणे निघे, देणे निघे. उरेल त्यावर वर्ष काढावयाचे. घरात सणावाराखेरीज पोळी होत नसे. लग्नात गावजेवण होई हे खरे. पण असे कार्य घरात कित्येक वर्षांनी एकदा निघे. अशा घरास उधळे म्हणणे कितपत न्यायाचे?

इतिहास काय सांगतो ते पाहू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि आपल्याकडे कापसाचे भाव भडकले. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ साली युद्ध संपले व भाव उतरले. १८६७ पासून इंदापूर आदी तालुक्यांत फेरआकारणी होऊन सारा वाढला. आणि तो तर रोखीनेच भरावयाचा. मालास भाव नाही, सारा चढलेला आणि सावकाराने हात आखडलेला, अशा कात्रीत शेतकरी सापडला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि त्याचे लोण तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातही पोहोचले. दुकाने लुटली गेली, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगास असे आढळले, की जमावाचा रोख कर्जरोखे व हुकूमनामे यांवर होता. कागद निमूटपणे हाती पडले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. लग्नखर्चाविषयीही आयोगाचे मत स्पष्ट होते. कर्जाचे कारण म्हणून या खर्चास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. ऐपतीच्या मानाने तो जास्त वाटला, तरी असे प्रसंग क्वचितच येतात, असा त्याचा अभिप्राय होता.

पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायालयास कर्जरोख्याच्या मुळाशी जाऊन देण्याघेण्याचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला. सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, असे ठरले. दोष केवळ शेतकऱ्याच्या उधळेपणाचा असता, तर अशा कायद्याची गरजच काय होती?

शेतकऱ्याची बाजू मांडणारा समर्थ आवाजही याच काळात उठला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुणब्याच्या घरादाराची व अन्नवस्त्राची खरी स्थिती मांडली. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास ते शेतकऱ्याच्या वेशात गेले. खरी रयत कशी दिसते, हे राजपुत्रास समक्ष दाखविण्याचा तो मार्ग होता.

लग्ने साधेपणाने व्हावीत, हे आपल्या मंडळाचे सांगणे रास्तच आहे व ते आम्हांस मान्य आहे. पण तो उपदेश वेगळा आणि साऱ्या शेतकरीवर्गावर उधळेपणाचा शिक्का मारणे वेगळे.

शेतकऱ्याचा हिशेब दीर्घकाळ सावकाराच्या वहीत आणि सरकारच्या दप्तरात राहिला. त्याच्या स्वतःच्या हातचा कागद क्वचितच सापडतो. म्हणून प्रत्येक कुटुंबास आमची नम्र विनंती आहे, की घरातील जुनी खतपत्रे, साऱ्याच्या पावत्या व खर्चाच्या वह्या रद्दीत घालू नयेत, आणि वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. पुढील पिढीस कोणी हाच आरोप ऐकविला, तर तिच्याजवळ उत्तर असावे आणि ते कागदोपत्री असावे.