घरच्या खर्चाची वही

माझा मोठा भाऊ कर्करोगाने गेला, तेव्हा त्याच्या उशाखाली एक वही सापडली. बँकेत होता तो, हिशेबाला पक्का. केमोचे इतके, गाडीभाडं इतकं, शहाळीसुद्धा लिहिलेली. शेवटचे चार महिने तो घरीच होता आणि त्या पानांवर खर्च एकदम उतरलेला दिसतो. वाचणारा म्हणेल, घर स्वस्त पडलं! पण वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिने आधी बिनपगारी रजा काढली, मग नोकरीच सोडली. त्याची नोंद वहीत नाही. आज मी जो इतिहास सांगणार आहे, तो या कोऱ्या रकान्याचा.

आपल्याकडे कर्करोगाचं मोठं रुग्णालय उभं राहिलं ते 1941 साली, परळला. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये परदेशात रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यानंतरच्या प्रयत्नांतून टाटा मेमोरियल झालं. तिथे गरिबाला उपचारांत सवलत मिळते, हे खरंच. पण बिहार-बंगालहून आलेल्या माणसाने मुंबईत राहायचं कुठे? काही जण दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत, काही परळच्या फूटपाथवर. रुग्णालयाचं बिल माफ झालं तरी गावची बुडालेली मजुरी कोण माफ करणार?

बरं, ज्याचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्याने घरी जावं म्हटलं तर अडचण वेदनेची. 1986 साली जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. शेवटच्या पायरीवर मॉर्फिन, तोंडाने घ्यायची साधी गोळी. महाग मुळीच नाही. अफू पिकते आपल्याच मध्य प्रदेशात, राजस्थानात. पण 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात किमान दहा वर्षं सक्तमजुरीची तरतूद होती आणि परवाने अनेक. औषधविक्रेत्यांनी हात झटकले. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. अफू आपण परदेशी पाठवत होतो आणि इथला रोगी एका स्वस्त गोळीसाठी शंभर-दोनशे किलोमीटर हेलपाटे घालत होता. कायदा सुधारला 2014 मध्ये. मधली जवळजवळ तीस वर्षं घराघरांत कशी गेली असतील, याचा हिशेब कुणी मांडायचा?

केरळात मात्र याची वाट पाहिली नाही. 1993 साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी एक संस्था काढली. सुरुवातीला बाह्यरुग्ण विभागच. पण रोगी दुसऱ्यांदा येईनात, कारण तिथवर येणंच परवडत नव्हतं, अंगात बळही नव्हतं. मग परिचारिका घरी जाऊ लागल्या. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजारीपाजारीच शिकून तयार झाले. निधी लहान लहान देणग्यांतून. या स्वयंसेवकांना घरात शिरल्यावर काय दिसलं? कित्येकदा गोळीआधी तांदूळ हवा होता. मुलांची शाळा सुटायच्या बेतात होती. म्हणून त्यांनी तांदूळ पोचवला, शाळेच्या खर्चाची सोय केली. डॉक्टरी भाषेत हा उपचार नव्हे. मला विचाराल तर तोच उपचार. 2008 मध्ये केरळ सरकारने धोरण केलं आणि पंचायतींमार्फत परिचारिका घरोघर जाऊ लागल्या.

आता गंमत पाहा. ‘इकॉनॉमिक्स’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘ओइकोस’ आहे, म्हणजे घर. आणि या शास्त्राने मोजायचं सोडलं ते नेमकं घरातलं काम! रुग्णालयात कूस बदलणाऱ्या परिचारिकेला पगार आहे, तो बिलात येतो. घरी तेच काम बायको, सून, मुलगी करते, म्हणून ते फुकट. ‘घरची शुश्रूषा स्वस्त’ असं कुणी सांगू लागलं, तर मी एवढंच विचारतो, कुणाला स्वस्त? घर वाईट, असं मी म्हणत नाही. भावाला घरीच जायचं होतं आणि ते बरोबरच होतं. पण केरळात त्या ओझ्याला शेजाऱ्यांनी आणि पंचायतीने खांदा दिला. आमच्याकडे असं कुणी आलं नाही.

वहिनीची स्वेच्छानिवृत्तीला लागणारी 20 वर्षं भरायला तेव्हा दीड वर्ष कमी होतं. तिला पेन्शन बसली नाही.